विश्लेषण : सोलापूरचे कोरडे ऊन शीतगृहांचे वीजबिल कसे कमी करते? आणि त्यासाठी पाणी किती लागते?

मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमाराला नवी पेठेतून चालत गेले, की गारवा तयार करण्याच्या दोन तऱ्हा शेजारी-शेजारी दिसतात. मोठ्या दुकानात एसी चालू असतो आणि त्याचे बाहेरचे युनिट बोळात गरम वाफारा सोडत असते. शेजारच्या लहान दुकानात गवताच्या जाळीचा कूलर घरघरत असतो. पहिले यंत्र ४१ अंशांच्या हवेत आणखी उष्णता ढकलण्यासाठी झगडते, तर दुसऱ्याला तीच कोरडी हवा उपयोगी पडते. या दोन्हींची सांगड घालणारे यंत्र म्हणजे इव्हॅपोरेटिव्ह कंडेन्सर, म्हणजेच पाण्याच्या बाष्पीभवनावर चालणारा कंडेन्सर. पेठेतल्या सरबतातला बर्फ, पिशवीतले दूध, डाळिंब, बेदाणा, बार्शीकडची चिंच या सगळ्यांना गार ठेवणाऱ्या कारखान्यांच्या आणि शीतगृहांच्या वीजबिलाशी या यंत्राचा थेट संबंध आहे. पण ते पाणी पिते. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, तिथे हा मुद्दा तळटीपेत टाकून चालत नाही.

कंडेन्सर नेमके काय करतो?

शीतयंत्र ‘थंडी’ तयार करत नाही, ते उष्णता उचलून दुसरीकडे नेऊन टाकते. शीतगृहाच्या खोलीतली उष्णता अमोनिया किंवा फ्रीऑनसारखा वायू शोषतो, कॉम्प्रेसर त्या वायूला दाबून गरम करतो आणि कंडेन्सरमध्ये तो आपली उष्णता बाहेर सोडून पुन्हा द्रव होतो. यातली जवळपास सगळी वीज कॉम्प्रेसर खातो.

शेतकऱ्याला हे विहिरीवरच्या मोटारीवरून चटकन कळेल. पाणी जितके खोल आणि टाकी जितकी उंच, तितके ‘हेड’ जास्त आणि तितकी वीज जास्त. शीतयंत्रात खोलीचे तापमान म्हणजे विहिरीचा तळ आणि कंडेन्सरचे तापमान म्हणजे उंचावरची टाकी. तळ बदलता येत नाही, कारण डाळिंबाला ५ ते ७ अंश लागतात तर लागतातच. टाकीची उंची मात्र कमी करता येते. कंडेन्सरचे तापमान एक अंशाने खाली आणले, की कॉम्प्रेसरची वीज साधारण दोन ते तीन टक्क्यांनी कमी होते, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे.

अमोनियाच्या दाबातही हे दिसते. ३५ अंशांना अमोनिया द्रव व्हायला सुमारे साडेतेरा बार दाब पुरतो, तर ५३ अंशांना जवळजवळ बावीस बार लागतो. बर्फाच्या कारखान्यातले जुने ऑपरेटर गेजवरचा दाब अजून पौंडांतच सांगतात. ३५ अंशांना तो साधारण १८० पौंड असतो आणि ४० अंशांना २१० च्या घरात जातो. उन्हाळ्याच्या दुपारी काटा चढू लागला की मशिनरूममधल्या माणसाची नजर का हलत नाही, हे या दोन आकड्यांवरून समजेल. दाब मर्यादेपुढे गेला की सुरक्षेची कळ पडते, कॉम्प्रेसर बंद होतो आणि तोही नेमका खोलीला थंडाव्याची सर्वाधिक गरज असताना.

मग ‘वेट बल्ब’ तापमान म्हणजे काय?

थर्मामीटरच्या टोकाला ओले फडके गुंडाळून त्यावर वारा घातला, की पारा खाली उतरतो. फडक्यातले पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते. पारा जिथे स्थिरावतो, ते वेट बल्ब तापमान. हवा जितकी कोरडी, तितका तो जास्त उतरतो. माठातले पाणी गार होते ते याच कारणाने.

सोलापुरात मेच्या दुपारी हवा ४१ अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० ते २५ टक्क्यांच्या आसपास असेल, तर वेट बल्ब तापमान फक्त २४ अंशांच्या जवळ निघते. मुंबईत त्याच महिन्यात हवा ३३-३४ अंश आणि आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर असताना ते २८ अंशांपर्यंत जाते. अंगाला सोलापूर भाजते, पण बाष्पीभवनावर चालणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने सोलापूर मुंबईपेक्षा चार अंशांनी ‘गार’ आहे. आपल्या उन्हाळ्याबद्दल चांगले बोलावे अशा फार थोड्या गोष्टी आहेत, त्यांतली ही एक.

साध्या एसीच्या बाहेरच्या युनिटला, म्हणजे हवेवर चालणाऱ्या कंडेन्सरला, बाहेरच्या हवेपेक्षा दहा ते पंधरा अंशांनी वर राहावे लागते. ४१ अंशांच्या दुपारी तो ५३ च्या आसपास चालतो. इव्हॅपोरेटिव्ह कंडेन्सरचा हिशोब वेट बल्बपासून सुरू होतो. त्याच्यावर दहा-बारा अंश धरले, की तो ३५ अंशांवर चालतो. एकाच गावात, एकाच दुपारी दोन यंत्रांत अठरा अंशांचा फरक पडतो.

यंत्राची रचना अवघड नाही. एका पेटीत नळ्यांचे वेटोळे असते आणि नळ्यांच्या आत गरम वायू असतो. वरून फवाऱ्यांतून पाणी नळ्यांवर पडते, पंखा हवा खेचतो, थोडे पाणी वाफ होऊन उडते आणि उरलेले खालच्या टाकीत जमून छोट्या पंपाने पुन्हा वर जाते. थेंब हवेबरोबर उडून जाऊ नयेत म्हणून वर नागमोडी पट्ट्यांचा अडसर असतो. कूलिंग टॉवरच्या पद्धतीत आधी पाणी गार करायचे, मग ते पंपाने दुसऱ्या यंत्रात नेऊन वायू गार करायचा, असे दोन टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्यावर काही अंश वाया जातात. इथे दोन्ही कामे एकाच पेटीत होतात. शिवाय मोठा पंप लागत नाही.

पावसाळ्यात कूलर चालत नाही, मग हे यंत्र कसे चालेल?

हा प्रश्न सोलापूरकर हमखास विचारतो आणि तो रास्तही आहे. जुलैत कूलर लावला की खोलीत गारव्याऐवजी दमटपणा वाढतो. पण कूलरला माणसाला सुखावेल इतकी हवा गार करायची असते, तर कंडेन्सरला ३५-३६ अंशांची नळी गार करायची असते. पावसाळ्यात सोलापूरचे वेट बल्ब तापमान २५ अंशांच्या जवळपास राहते. त्या हवेतही ३६ अंशांच्या ओल्या नळीवरून पाणी आरामात वाफ होते. बचत मेइतकी राहत नाही, कारण बाहेरची हवाच ३१-३२ अंशांवर उतरलेली असते आणि हवेवरच्या कंडेन्सरचेही बरे चाललेले असते. यंत्र मात्र निकामी होत नाही.

एक उपप्रश्नही येथेच उरकू. घरच्या किंवा दुकानाच्या स्प्लिट एसीच्या बाहेरच्या युनिटवर पाण्याचा फवारा मारला तर? मारू नये. ते युनिट ओल्या कामासाठी बनवलेले नसते. बोअरचे जड पाणी वाळले की ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांवर क्षार बसतात, हवेची वाट बुजते आणि दोन-तीन उन्हाळ्यांत पट्ट्या खराब होतात. त्यापेक्षा त्यावर सावली करावी आणि गरम हवा मोकळी जाईल इतकी जागा ठेवावी.

बचत किती आणि पाणी किती?

पन्नास टन क्षमतेचे एक शीतगृह उदाहरणादाखल धरू. (शीतकरणातला एक ‘टन’ म्हणजे साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता उचलण्याची क्षमता. त्याचा मालाच्या वजनाशी संबंध नाही.) पुढचे आकडे एखाद्या विशिष्ट कारखान्याचे नाहीत, भौतिकशास्त्राच्या नियमांवरून काढलेला हा अंदाज आहे.

खोलीतल्या कॉइलचे तापमान शून्याच्या दोन अंश खाली धरले, तर मेच्या दुपारी हवेवरच्या कंडेन्सरबरोबर कॉम्प्रेसर सुमारे ६३ किलोवॉट घेईल आणि इव्हॅपोरेटिव्ह कंडेन्सरबरोबर सुमारे ४०. म्हणजे एक तृतीयांशाहून थोडी जास्तच वीज वाचते. रात्री बाहेरची हवा २७ अंशांवर येते तेव्हा हा फरक नऊ-दहा किलोवॉटपर्यंत उतरतो. दिवसाला सोळा तास यंत्र चालते आणि सरासरी १५ किलोवॉट वाचतात असे मानले, तर उन्हाळ्यात रोज २४० युनिट वाचतात. युनिटला ९ रुपये धरले तर रोजचे २,१६० रुपये. पंखे दोन्हीकडे असतात, त्यामुळे त्यांचा खर्च साधारण सारखा धरला आहे. दुपारचा सर्वोच्च भार उतरल्यामुळे मागणी आकारही कमी होतो, तो यात मोजलेला नाही.

आता पाणी. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता नेते. त्या हिशोबाने एका टनामागे तासाला साडेसहा लिटरच्या आसपास पाणी उडते, म्हणजे पन्नास टनांना तासाला सुमारे ३२० लिटर. पण पाणी उडते तेव्हा त्यातले क्षार टाकीतच राहतात. ते फार दाट होऊ नयेत म्हणून काही पाणी सतत बाहेर सोडावे लागते. तेही धरले तर तासाला सव्वाचारशे लिटर आणि सोळा तासांचे ६,८०० लिटर होतात. एका साध्या टँकरपेक्षा जास्त पाणी, रोज.

वाचलेल्या एका युनिटमागे २८ लिटर पाणी असा हा सौदा आहे. यावर एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो, की वीज वाचली म्हणजे वीजनिर्मिती केंद्रातले पाणीही वाचले. तो खरा आहे, पण अपुरा आहे. केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे औष्णिक केंद्रांना एका युनिटमागे साधारण ३ ते साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा आहे. म्हणजे २८ लिटर खर्च करून तिकडे जेमतेम तीन लिटर वाचतात. सोलापुरात हा हिशोब कागदावरचा राहत नाही, कारण एनटीपीसीचे १,३२० मेगावॉटचे केंद्र आणि शहराचा पाणीपुरवठा हे दोघेही उजनीकडेच पाहतात. शहराला टाकळी येथून भीमेचे आणि हिप्परगा तलावाचेही पाणी मिळते, पण मुख्य भिस्त उजनीवरच आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात ते धरण मृतसाठ्यातही खोलवर गेले होते.

मग हे यंत्र कोणी बसवावे?

सगळ्यांना एकच उत्तर नाही.

अमोनियावर चालणारे बर्फाचे कारखाने आणि जुनी शीतगृहे आधीपासूनच पाणी वापरतात. अनेक ठिकाणी अजून ‘ॲटमॉस्फेरिक’ कंडेन्सर दिसतो. उघड्यावर उभ्या केलेल्या पाइपांच्या रांगा आणि त्यांवरून ओघळणारे पाणी अशी त्याची रचना. तो स्वस्त असतो आणि गावातला वेल्डरही दुरुस्त करतो. पण वारा आला की पाणी उडून बाहेर जाते, खाली शेवाळ साठते आणि जागाही भरपूर जाते. पंखा नसल्यामुळे वारा पडला की दाब चढतो. अशा ठिकाणी इव्हॅपोरेटिव्ह कंडेन्सर बसवला तर वीज आणि पाणी दोन्ही वाचण्याची शक्यता असते, कारण उष्णतेपुरते पाणी तर तिथे आधीही वाफ होत होतेच, आता सांडणारे थांबते. या गटासाठी निर्णय सोपा आहे.

दुसरा गट डाळिंब-द्राक्षांच्या पॅकहाउसचा आणि लहान कोल्डरूमचा. फ्रीऑनवरची ही युनिटे बहुधा हवेवर चालतात आणि पाण्याचा थेंब घेत नाहीत. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही सोलापुरातच आहे, त्यामुळे जिल्ह्यात अशा खोल्यांची गरज मोठी आहे. पण दहा-पंधरा टनांच्या युनिटसाठी पाण्याची व्यवस्था, शुद्धीकरण, देखभाल हा सगळा व्याप उभा करणे बहुतेकांना परवडणार नाही. ज्या बागाईतदाराला मार्चनंतर झाडांसाठीच टँकर आणावा लागतो, त्याने कंडेन्सरसाठी दुसरा टँकर आणावा असे सुचवणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही. त्याला मोठ्या आकाराचा हवेवरचा कंडेन्सर, चांगले इन्सुलेशन आणि दाराला पडदा यांतून आधी फायदा मिळेल.

मधला गट दूध शीतकरण केंद्रांचा, अक्कलकोट रस्ता आणि चिंचोळी औद्योगिक वसाहतींतल्या अन्नप्रक्रिया उद्योगांचा. त्यांनी स्वतःचा हिशोब मांडावा. वाचलेल्या युनिटची किंमत ९ रुपये असेल, तर २८ लिटर पाणी त्याहून किती स्वस्त मिळते? स्वतःच्या बोअरचे असेल तर बराच फायदा आहे. एप्रिल-मेमध्ये सगळे टँकरने आणावे लागत असेल तर बचतीतला मोठा वाटा टँकरवालाच नेईल.

या गटासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. औद्योगिक वीजदरात आता दिवसाच्या सौर तासांत सवलत आणि संध्याकाळनंतरच्या गर्दीच्या तासांत अधिभार आहे. शीतयंत्र रात्री चालवावे, हवा गार असते, हा जुना सल्ला त्यामुळे उलटा पडू लागला आहे. हवेवरच्या कंडेन्सरला मेच्या दिवसात आणि रात्रीत चौदा अंशांचा फरक सोसावा लागतो. त्यामुळे दुपारची वीज स्वस्त मिळाली तरी लागते जास्त. वेट बल्ब तापमान मात्र दुपारी २४ आणि रात्री २० असे चारच अंशांनी हलते. इव्हॅपोरेटिव्ह कंडेन्सर असलेला कारखाना दुपारी खोल्या थोड्या जास्त गार करून ठेवू शकतो आणि महागड्या तासांत कॉम्प्रेसरला विश्रांती देऊ शकतो.

बोअरच्या पाण्याने काय होते?

इथे अनेकांची बचत बुडते. सोलापूरच्या काळ्या पाषाणातले बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. नळ्यांवर क्षारांचा पातळ थर बसला तरी उष्णता बाहेर पडायला अडथळा होतो. कंडेन्सरचे तापमान चढते आणि ज्या अठरा अंशांसाठी खर्च केला ते हळूहळू परत जातात. थर फोडायला ॲसिड वापरले की नळ्यांचे जस्त जाते आणि गंज सुरू होतो. अमोनियाच्या नळीला भोक पडणे म्हणजे निव्वळ दुरुस्तीचा खर्च नव्हे, ती आजूबाजूच्या वस्तीसाठीही धोक्याची बाब आहे.

पाणी किती लागेल हेही याच क्षारांवर ठरते. टाकीतले पाणी मूळ पाण्याच्या दुपटीइतकेच दाट होऊ द्यायचे असेल, तर जितके पाणी वाफ होते तितकेच फेकावे लागते. म्हणजे आपल्या उदाहरणात तासाला ३२० ऐवजी ६४० लिटर लागतात. मऊ केलेले पाणी वापरून पाचपट दाटीपर्यंत जाता आले, तर एकूण ४०० लिटर पुरतात. दिवसाला ३,८०० लिटरांहून अधिक फरक पडतो. त्यामुळे यंत्राच्या कोटेशनमध्ये वॉटर सॉफ्टनर ‘ऐच्छिक’ म्हणून लिहिलेला असेल, तर सोलापुरात तो शब्द खोडून टाकावा.

ऑपरेटरची एक सवय बदलावी लागते. भार कमी झाला की पाण्याचा पंप बंद करायचा आणि वाढला की सुरू करायचा, हे टाळायचे. प्रत्येक वेळी नळ्या कोरड्या पडल्या की त्यांवरचे क्षार तिथेच वाळून चिकटतात. पाणी चालू ठेवून पंख्याचा वेग कमी करणे चांगले. वेग निम्मा केला की पंख्याची वीज जवळपास एक अष्टमांशावर येते. टाकीतले कोमट पाणी जंतूंना मानवते आणि लिजिओनेलासारखे जंतू थेंबांबरोबर हवेत जाऊ शकतात, म्हणून थेंब अडवणाऱ्या पट्ट्या शाबूत ठेवणे, टाकी नियमित धुणे आणि जंतुनाशक वापरणे हे कामाचाच भाग मानावे लागते.

यंत्र बिघडते आहे हे बिल येण्याआधी कळू शकते. मशिनरूमबाहेर ओल्या फडक्याचा एक थर्मामीटर टांगावा आणि रोज दुपारी दोन आकडे वहीत लिहावेत, वेट बल्ब तापमान आणि गेजवरच्या दाबाला जुळणारे अमोनियाचे तापमान. यांतला फरक सुरुवातीला अकरा असेल आणि सारख्याच भारावर तो पंधरा-सोळा झाला, तर एकतर नळ्यांवर थर बसला आहे किंवा यंत्रणेत हवा शिरली आहे. हवा काढून टाकली तरी फरक तसाच राहिला, तर क्षार हेच उत्तर.

पाण्यासाठी दुसरा मार्ग आहे का?

छपराचा विचार फार कमी जण करतात. एक हजार चौरस मीटरचे छप्पर शीतगृहासाठी मोठे नाही. वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस धरला आणि त्यातला ८० टक्के हाती आला, तर ४ लाख ८० हजार लिटर पाणी जमते. आपल्या उदाहरणातल्या वापराने हे सत्तर दिवसांचे पाणी झाले. शिवाय पावसाचे पाणी मऊ असल्यामुळे ते बोअरच्या पाण्यात मिसळले की फेकण्याचे पाणीही कमी होते. अडचण साठवणीची आहे. पाऊस जून ते ऑक्टोबर पडतो आणि सर्वाधिक गरज मेमध्ये लागते, तेव्हा टाकी मोठीच हवी. नवे शीतगृह बांधताना पायाच्या कामाबरोबर ती खोदली तर खर्च आटोक्यात राहतो, नंतर आवारात जागाच उरत नाही. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानात शीतगृहाच्या खर्चावर ३५ टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. प्रस्तावाचा नकाशा काढतानाच कंडेन्सर, सॉफ्टनर आणि टाकी हे तिन्ही एकत्र दाखवावेत.

दुसरा स्रोत प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचा. २०१६ च्या राष्ट्रीय वीजदर धोरणाने सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांना असे पाणी वापरण्याचे बंधन घातले आहे. कंडेन्सरचे पाणी मालाला लागत नाही, त्यामुळे औद्योगिक वसाहतींतही ते तत्त्वतः चालू शकते. पण त्यातले क्षार, अमोनिया आणि जंतू यांसाठी आणखी एक शुद्धीकरण लागते आणि ते एकेका शीतगृहाच्या आवाक्यातले नाही. वसाहतीने मिळून एक संयंत्र आणि एक स्वतंत्र पाइपलाइन टाकली, तर ते पाणी प्रत्येक कारखान्याच्या कंडेन्सरपर्यंत पोहोचू शकते.